खडू लागलेलं दार

बाल्कर्नी या बंदरगावाच्या जमिनीत खडू नाही. तिथला दगड काळा, माती तांबूस आणि समुद्र बहुतेक दिवस राखेच्या रंगाचा. खडू येई तो दक्षिणेकडून, गलबतांच्या पोटात. इथून कोळसा घेऊन गेलेली गलबतं परतताना रिकामी हेलकावू नयेत म्हणून तळाशी पांढरी ढेकळं भरून घेत, आणि बंदरात आली की ते ओझं धक्क्यापलीकडे ओतून देत. तो ढीग कुणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता.

शाळामास्तरांच्या हाती पडण्याआधी खडू गावभर फिरलेला असे. सुतार दोरीला खडू चोळून फळीवर रेघ उमटवी. गुत्तेवाला कोण किती प्याला ते दारामागच्या पाटीवर मांडी. धनगर बाजारात विकलेल्या मेंढीच्या पाठीवर फराटा ओढी. पोरं लंगडीचे चौकोन आखत. छातीत जळजळ झाली तर खरवडून पाण्यातून घेणारेही होते. आणि बायका उंबरठा काढत. दर शनिवारी दगडी उंबरठा घासून धुवायचा आणि त्यावर खडूची वेल काढायची. हात न उचलता, एका दमात. वेल मध्येच तुटली तर त्या फटीतून नको ते घरात शिरतं, असं म्हणत. पाद्रीबुवांना हे मुळीच खपत नसे. ते वर्षातून एकदा त्यावर प्रवचन देत, आणि त्याच शनिवारी त्यांची स्वयंपाकीण त्यांचा उंबरठा काढून ठेवी.

याच ढिगातला खडू नगराचा शिपाई निनियन गेडिस खिशात बाळगी.

बाल्कर्नीत घरं बदलायची ती वर्षातून दोन दिवशी, मे महिन्यातल्या व्हिटसनच्या मुदतीला आणि नोव्हेंबरातल्या मार्टिनमसच्या. भाडेकरू नको झाला तर मालक शिपायाला रस्त्यात गाठून दोन शब्द सांगे. कागद लागत नसे, सहीशिक्का लागत नसे. मुदतीच्या चाळीस दिवस आधी शिपायानं एक साक्षीदार बरोबर घेऊन जायचं आणि दारावर खडू ओढायचा. झालं. दाराला खडू लागला की माणसानं दुसरं घर शोधायचं, आणि लवकर शोधायचं, कारण सगळं गाव एकाच दिवशी हलत असे आणि उशीर करणाऱ्याला गावात खुराडंही मिळत नसे.

निनियन हे काम पंधरा वर्षं करत होता. तांबडा डगला, पितळी गुंड्या, वर आलेले खांदे. माणूस इतका बुजरा की समोरून बाई आली तर रस्ता ओलांडी. खडू मारायला तो पहाटे जाई, दार झोपलेलं असताना. हलकेच खूण करी आणि चवड्यांवर निघून येई. त्यानं कधी दार वाजवलं नाही. लोकांना यात त्याचा भलेपणा दिसे. “गेडिस बरा,” ते म्हणत. “निदान तोंडावर येऊन तमाशा तरी करत नाही.”

त्या वर्षी मार्चच्या शेवटी सुताचे व्यापारी लम्सडेन यांनी त्याला मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर थांबवलं.

“गेडिस, साबणगल्ली. खालचं दार.”

निनियनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “लोरिमरांचं, साहेब?”

“खाली दुसरं कुणाचं दार आहे? मला तिथं गोदाम करायचंय.”

“पण गिल्बर्ट लोरिमर अंथरुणाला खिळलाय, साहेब.”

“मी अंथरुणाला खडू मार म्हणालो का? दाराला मार,” लम्सडेन म्हणाले आणि मासा निवडायला वळले.

साबणगल्लीच्या त्या खालच्या खोलीत बेथिया लोरिमर आणि तिचा बाप राहत. बाप जुना विणकर. पाय गेल्यापासून भिंतीतल्या पलंगपेटीत पडून असे, आणि तिथून लेकीच्या मागाचा आवाज ऐकून चुका काढी. बेथिया चाळिशीची, हाडापेरानं रुंद, बोलायला फटकळ. माग खोलीच्या निम्म्या जागेत रोवलेला होता. खाली मातीची जमीन होती आणि तिला बेताची ओल होती. ती ओल नसेल तर लिननचं सूत कोरडं पडतं आणि तुटतं. अशा जमिनीच्या खोल्या गावात मोजक्याच उरल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी निनियन त्या दाराशी थांबे आणि बेथिया त्याला वाडगाभर जवाचा रस्सा देई. हे किती वर्षं चाललं होतं ते दोघांनीही मोजलं नव्हतं. तो उंबरठ्याबाहेर उभ्याउभ्या पिई. आतून म्हातारा ओरडे, “आला का गं तुझा तांबडा कोंबडा? आरवला का काही?”

“रस्सा पितोय, बाबा.”

“पिऊ दे. या राणीचं राज्य संपेल, पुढच्या राजाचं संपेल, पण याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.”

निनियनचे कान डगल्याइतके लाल होत. शब्द त्याच्याजवळ होता. तो रोज रात्री नीट घडी घालून ठेवी आणि सकाळी दाराशी येईपर्यंत त्याची घडी मोडलेली असे.

आता याच दारावर त्याला खडू ओढायचा होता.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला क्रेग आठवला. क्रेग म्हणजे त्याच्या आधीचा शिपाई. तो एक गोष्ट नेहमी सांगायचा. जाळीवाल्यांच्या गल्लीत एका म्हातारीला घराबाहेर काढायला मालक आला, दारावर खूण सापडली नाही, आणि म्हातारी पुढं मरेपर्यंत त्याच घरात राहिली. खूण नाही तर मुदत नाही! निनियननं ती गोष्ट मनात उलटीपालटी करून पाहिली. तिला कुठं भोक दिसेना. खडू मारायचा, म्हणजे कर्तव्य झालं. पण असा मारायचा की मुदतीच्या दिवशी तो कुणाला दाखवता येऊ नये. भित्र्या माणसाला जेव्हा युक्ती सुचते तेव्हा ती त्याला फार आवडते. एरवी त्याच्या वाट्याला काही येत नाही.

जागाही होती. इतर बायकांची वेल उंबरठ्यावरच थांबे, बेथियाचा हात मात्र दारावर चढे. दाराच्या खालच्या फळीवर तिनं पानांची वेल फिरवलेली होती आणि दर शनिवारी ती त्यावरून खडू फिरवी. वर कमान असल्यामुळे पाऊस तिथवर पोहोचत नसे.

साक्षीदार म्हणून तो नगराचा ढोलवाला वॅटी रँकिन याला घेऊन पहाटे निघाला. वॅटी रात्रीची उतरत आल्यामुळे चिडलेला होता.

“वर मार ना,” निनियन गुडघ्यावर बसलेला पाहून तो म्हणाला. “खाली काय शोधतोयस? उंदराला घर सोडायला सांगायचंय का?”

“हळू बोल.”

उजव्या कोपऱ्याशी वेल पुसट झाली होती. नेमक्या त्या फटीत निनियननं बोटाएवढी फुली काढली. तिचे चारही हात त्यानं जरा वाकवले.

वॅटी खाली वाकून बघत राहिला. “शिपाईबुवा, हा खडू मारलास की कशिदा काढलास?”

“दिसली ना तुला?”

“दिसली बाबा. नाक लावल्यावर दिसली.”

“मग झालं. आणि कुठं बोलू नकोस.”

“बोलायला आठवायला तर हवं,” वॅटी म्हणाला, आणि त्याच्या बाबतीत ते खरंच होतं.

खडूचा दिवस असल्यामुळे त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर येऊन आपापलं दार बघत होत्या. बेथियानंही पाहिलं. वर पाहिलं, मध्ये पाहिलं, दारावर एक थाप मारली आणि आत गेली. निनियननं ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं. शनिवारी तो मुद्दाम पुन्हा तिथून गेला. ती उकिडवी बसून वेल काढत होती. कोपऱ्याशी आल्यावर तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं ती वाकडी फुली घोळून तिचं पान केलं आणि वेल पुढं नेली.

त्या दिवशी निनियन घरी जाताना शीळ घालत होता. त्याला शीळ घालताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मधल्या एका बाजाराच्या दिवशी तो दाराशी आला तेव्हा बेथिया मागावरून उठूनच त्याची वाट पाहत होती. तिनं वाडगा हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“ऐक, तू दिवसभर गाव फिरतोस. तुला काहीतरी विचारायचंय.”

त्यानं वाडगा ओठांपासून खाली घेतला.

“वेशीजवळचा तो यूल. विणकर. कॅनडाला चाललाय बायकोपोरांना घेऊन. खोली रिकामी होतेय. मातीची जमीन आहे, ओल बेताची आहे, खिडकी आपल्यापेक्षा मोठी. मालकीण म्हणते, आज सांग, नाहीतर उद्या देऊन टाकते.”

“कशाला हवी?” आतून म्हातारा म्हणाला. “माग उचलला की माग उरत नाही, सरपण होतं. मी सांगतो.”

“तुम्हाला नाही विचारलं, बाबा. याला विचारतेय.” तिनं निनियनकडे पाहिलं. “लम्सडेन हल्ली येताजाता खिडकीतून डोकावतो. मला ते बरं दिसत नाही. पण दाराला खडू लागलेला नाही, आणि बाबांना हलवायचं म्हणजे... तूच सांग. घेऊ का ती?”

हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. निनियनच्या ते ओठांवर आलंही. पण हो म्हटलं तर ती विचारणार, का? मग सांगावं लागणार, की त्या पहाटे तुझ्या दाराशी गुडघे टेकून मी बसलो होतो. आणि आपली युक्ती तर चांगली चालली होती. मुदतीच्या दिवशी लम्सडेन हात हलवत परत जाणार, बेथिया त्याला विचारणार, हे कसं झालं रे? आणि तेव्हा कदाचित तो दुसराही शब्द निघेल. ते दृश्य त्यानं इतक्या वेळा रंगवलं होतं की आता त्याच्यावाचून राहणं त्याला जड गेलं.

“इथं,” तो वाडग्यात बघत म्हणाला, “इथं काय वाईट आहे?”

बेथियाचा चेहरा मोकळा झाला. “तेच म्हणते मी. आणखी घेशील का? तळाशी मटण आहे.”

त्यानं आणखी घेतला.

यूलची खोली दुसऱ्या दिवशी एका दोरवाल्यानं घेतली. त्यानंतरच्या आठवड्यांत गावातली एकेक रिकामी खोली भरत गेली, आणि निनियन ते बघत गेला.

व्हिटसनच्या मुदतीला सकाळपासून गाव गाड्यांनी भरलं. खाटा, घड्याळं, कोंबड्यांची खुराडी, आज्या, सगळं इकडून तिकडे चाललं होतं. साबणगल्लीत लम्सडेन यांच्या दोन गाड्या शिरल्या, सुताच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या. बेथिया हाताला लागलेलं पीठ पुसत दारात आली.

“साहेब, गल्ली चुकलात.”

“मी नाही चुकलो. तू अजून आत कशी?”

“माझ्या दाराला खडू नाही. विचारा कुणालाही.”

शेजारणी जमल्याच होत्या. “नाही हो, साहेब,” त्या म्हणाल्या. “आम्ही पाहिलंय. दाराला खडू नाही.”

लम्सडेन यांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. निनियन तिथं होताच. डगल्याच्या गुंड्या त्यानं आदल्या रात्री घासल्या होत्या. त्याच्यामागं वॅटी उभा होता.

“गेडिस, इकडे ये. हिला सांग.”

निनियन पुढं आला. बोलायचं वाक्य त्याला पाठ होतं आणि त्यानं ते म्हटलं. “साहेब, दारावर खूण दिसत नाही. मुदतीला खूण दिसली नाही तर घर खाली करून घेता येत नाही. क्रेग सांगायचा, जाळीवाल्यांच्या गल्लीतली ती म्हातारी...”

लम्सडेन चिडले नाहीत. ते हसले, आणि ते जास्त वाईट होतं. “क्रेगची म्हातारी? अरे, क्रेग त्या दिवशी एकटाच गेला होता. साक्षीदार नव्हता, म्हणून ती वाचली. खूण दिसते की नाही हे कोण विचारतो? या गावात रोज पाऊस पडतो. पावसानं पुसलेल्या खुणांवर माणसं राहिली असती तर एकही घर रिकामं झालं नसतं. खडू मारला म्हणजे मारला. वॅटी, तू होतास ना? मारला होता का?”

वॅटीनं टोपी काढली, पुन्हा घातली. “मारला होता, साहेब. बारका होता. पण मारला होता.”

“एका दारुड्याचं सांगणं मला चालणार नाही असं उद्या कुणी म्हणेल. गेडिस, तू सांग. मारलास की नाही?”

गाडीचा घोडा लगाम चावत होता. बेथिया निनियनकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत अजून राग नव्हता. ‘नाही’ हा शब्दही काही मोठा नव्हता. शिपाई नाही म्हणाला असता तर वॅटीच्या साक्षीला कुणी विचारलं नसतं, आणि निदान मार्टिनमसपर्यंत ते दार तिचं राहिलं असतं. पण ज्या जिभेला खरं वेळेवर बोलता आलं नव्हतं, तिला खोटंही वेळेवर बोलता येईना. मालकानं विचारलं की उत्तर द्यायचं, पंधरा वर्षांत ती एवढंच शिकली होती.

“मारला, साहेब,” निनियन म्हणाला.

“कुठं?” हे बेथियानं विचारलं.

तो वाकला आणि त्यानं कोपऱ्यातल्या पानावर बोट ठेवलं.

“हे पान माझं आहे.”

“त्याच्याखाली... खालची फुली माझी आहे.”

बेथिया पानाकडे बघत राहिली. “म्हणजे दर शनिवारी मी...” मग तिनं मान वर केली. “यूलची खोली घेऊ का, हे मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“इथंच. तू इथं उभा होतास.”

“मला वाटलं, खूण दिसली नाही तर...”

“इथं काय वाईट आहे, म्हणालास. आणि आणखी रस्सा घेतलास.”

आतून पलंगपेटीचं झापड करकरलं आणि म्हाताऱ्याचा आवाज आला, “कोंबडा आलाय ना? मला ऐकू येतंय सगळं. काय गं, विचारलं का शेवटी त्यानं?”

“नाही, बाबा,” बेथिया म्हणाली. “सांगितलं.”

पुढचं काम लम्सडेन यांच्या हमालांनी केलं. माग सोडवायला सुतार लागतो आणि एक दिवस लागतो. त्यांच्याजवळ करवत होती. म्हाताऱ्याला गादीसकट उचलून बाहेर आणलं तेव्हा तो लाकूड कापल्याचा आवाज ऐकत होता आणि पहिल्यांदाच त्यानं कसलीही चूक काढली नाही. शेजारणींनी भाकऱ्या बांधून दिल्या, पण घरात घेण्याजोगी जागा कुणाकडेच नव्हती. ज्याला त्याला आपलंच सामान कुठं ठेवावं हा प्रश्न पडला होता.

मासळीवाल्याच्या गाडीपाशी निनियन पुन्हा तिच्याजवळ गेला. “तुरुंगाच्या बुरुजाखाली माझी खोली आहे,” तो म्हणाला. “कोरडी आहे. तुम्ही दोघं तिथं राहा. मी कुठंही झोपेन.”

हे वाक्य त्यानं न अडखळता म्हटलं. कितीतरी वर्षं तो ज्या वाक्याची तयारी करत होता ते याच्या अगदी जवळचं होतं.

बेथिया बापाच्या पायांवर घोंगडी खोचत होती. “त्या खोलीला दार आहे?”

“आहे.”

“मग नको,” ती म्हणाली आणि गाडीवर चढली.

मासळीच्या गाडीतून ती दोघं डंडीला गेली. तिथं तागाच्या गिरण्या होत्या आणि हाताला काम मिळे, पण हातमाग कुणी लावू देत नसे. मासळीवाल्यानं पुढं कधीतरी सांगितलं, की म्हातारा हिवाळ्याच्या आधीच गेला. बेथियाबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, गिरणीत सगळ्या बायका सारख्याच दिसतात.

मार्टिनमसच्या आधी पुन्हा खडूचा दिवस आला. त्या वेळी निनियन पहाटे गेला नाही. भर दुपारी, लोक जेवायला घरी असताना निघाला. पहिल्या दारावर त्यानं मुठीनं इतक्या जोरात मारलं की आतलं मूल रडायला लागलं. दार उघडल्यावर त्यानं आतल्या माणसांच्या देखत, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर लांबीची फुली ओढली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “दाराला खडू लागलाय. मुदतीला बाहेर. दुसरं घर बघा.”

तेव्हापासून तो तसंच करत आला. माणूस जेवत असो, आजारी असो, घरात पाळणा हलत असो, दार उघडेपर्यंत मूठ थांबत नसे. लोकांनी त्याला कसाई म्हटलं. पूर्वी किती भला होता, म्हटलं, म्हातारपणी नासला. त्या लोरिमरच्या पोरीनं झिडकारलं त्याचा सूड सगळ्या गावावर उगवतोय, असंही म्हटलं. त्याला रस्सा विचारणारं दार आता गावात उरलं नव्हतं.

एकदा पिंपं करणाऱ्याची तरणी बायको त्याच्यादेखत कंबरेच्या फडक्यानं खडू पुसायला लागली.

“हे बघ, गेलं! गेलं की नाही? आता काय करशील?”

“पुसून जात नाही, बाई,” निनियन म्हणाला. “घर बघ. आजच बघ.”

“लाज वाटत नाही? पोटुशी आहे मी.”

“तर मग जेवणसुद्धा थांबव. आत्ता जा.”

तिनं खडूनं माखलेलं फडकं त्याच्या डगल्यावर झटकलं आणि दार लावून घेतलं. वॅटी मागं ढोलाला टेकून उभा होता.

“तुझ्याबरोबर यायची मला लाज वाटते,” तो म्हणाला. “खरं सांगू, पूर्वी माणसासारखा होतास.”

निनियननं डगला झटकला नाही. पुढचं दार तीन घरं सोडून होतं. तिथं पोहोचण्याआधीच त्यानं मूठ वळली होती.